इंटरनेटवरची खोती

इंटरनेटवर ज्याला दुकान मांडावयाचे, वृत्तपत्र चालवावयाचे किंवा एखाद्या संस्थेचे काम लोकांपुढे ठेवावयाचे असेल, त्याला आधी एक नाव नोंदवावे लागते. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. मुदतीने मिळते, आणि मुदत संपताच पुन्हा पैसे भरावे लागतात. 'डॉट कॉम'ने संपणारी अशी पंधरा कोटींहून अधिक नावे आज जगात आहेत. त्या सर्वांची मूळ वही व्हेरीसाइन ह्या एकट्या अमेरिकन कंपनीच्या स्वाधीन आहे! नावे विकणारे दुकानदार पुष्कळ असले, तरी प्रत्येकाला ह्या एकाच वखारीची पट्टी भरावी लागते. तेव्हा बाजारात स्पर्धा आहे, हे म्हणणे निव्वळ धूळफेकीचे आहे.

अमेरिकन सरकारने २०१२ साली ही पट्टी ७.८५ डॉलरवर गोठविली होती. २०१८ साली तेथील वाणिज्य खात्याने लगाम सैल केला आणि सहा वर्षांच्या मुदतीतील शेवटच्या चार वर्षी दरसाल सात टक्क्यांपर्यंत वाढीची मुभा दिली. कंपनीने २०२१ ते २०२४ ह्या चारही वर्षी ती घेतली, व दर १०.२६ डॉलरवर गेला. खर्च वाढला म्हणून? २०२४ साली कंपनीचे उत्पन्न सुमारे १५६ कोटी डॉलर, आणि त्यातून कामकाजाचा नफा सुमारे १०६ कोटी! काम जोखमीचे आहे आणि कंपनी ते चोख करते, हे आम्हांला मान्य आहे. परंतु शंभरात अडुसष्ट, हा चोखपणाचा मोबदला नव्हे.

अडीच डॉलरांसाठी एवढा गहजब कशाला, असे कोणी विचारील. पंधरा कोटींनी गुणून पाहावे, म्हणजे उत्तर मिळेल. शिवाय परवडत नसेल त्याने दुसरे नाव घ्यावे, हा सल्ला देणाऱ्यांना नावाचा अर्थच कळलेला नाही. पाटीवर, पावतीवर, गिऱ्हाइकाच्या स्मरणात जे नाव रुजले, ते सोडले की नव्या मालकाकडे जाते, आणि आपली पत्रेही त्याच्या हाती पडू शकतात. कोकणातील वाचकांना खोत म्हणजे काय हे सांगावयास नको. कूळ जमीन सोडून जाऊ शकत नाही, हेच त्याचे भांडवल होते. ती खोती मुंबई राज्याने १९४९ च्या कायद्याने मोडली.

'डॉट ऑर्ग' ह्या धर्मादाय संस्थांच्या नावांवरील दरमर्यादा तर आयकॅन ह्या नियामक संस्थेने २०१९ च्या जूनमध्ये साफ काढून टाकली. तीन हजारांवर लोकांनी मते कळविली होती, आणि त्यांतील बहुतेक सर्व विरोधी होती. पाच महिन्यांतच ती वही ११३.५ कोटी डॉलरांना एका खासगी गुंतवणूकदार कंपनीला विकण्याचा घाट घातला गेला. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आक्षेप घेतल्यावर ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने विक्रीस नकार दिला. विक्री टळली, पण मर्यादा परत आली नाही.

'डॉट कॉम'चा करारही २०२४ च्या अखेरीस निविदा न मागविता २०३० पर्यंत वाढविण्यात आला. वाढीच्या चारही संधी पुन्हा पुरत्या साधल्या, तर दर साडेतेरा डॉलरांच्या घरात जाईल. म्हणून नव्या नोंदणीचा दर काहीही असो, जुन्या नावाच्या नूतनीकरणाचा दर खर्चाशी बांधून ठेवला पाहिजे, आणि २०३० च्या करारासाठी आयकॅनने खुल्या निविदा मागविल्या पाहिजेत, अशी आमची मागणी आहे. त्या निविदांत प्रथम पाहावयाचा आकडा एकच: एका नावामागे वर्षाची पट्टी किती.