सिंथेटिक की साधे? इंजिन ऑइलच्या निवडीचा खरा हिशेब

नवी मोटार दुसऱ्या-तिसऱ्या सर्व्हिसिंगसाठी गेली, की सेवा केंद्राच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो : ‘‘साहेब, ऑइल साधे टाकायचे की सिंथेटिक?’’ दोहोंच्या किमतीत जवळपास दुपटीचा फरक असतो आणि उत्तर तर उभ्या उभ्याच द्यावे लागते. काटकसरी ग्राहक ‘साधे’ म्हणून मोकळा होतो. गाडीवर जीव असलेला ‘महाग ते चांगले’ या न्यायाने सिंथेटिकला होकार देतो. दोन्ही उत्तरे अंदाजाची असतात, कारण मुळात प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला असतो. गेल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या बहुतेक मोटारींच्या बाबतीत हा निर्णय इंजिनाचा आराखडा तयार होतानाच झालेला आहे. ग्राहकाच्या हाती उरतो तो त्या निर्णयाचे पालन करण्याचा आणि त्यात पैसे वाया न घालवण्याचा प्रश्न.

‘सिंथेटिक’ म्हणजे नेमके काय?

प्रत्येक इंजिन ऑइलमध्ये मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रसायने, असे दोन घटक असतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने (एपीआय) मूळ तेलांची पाच गटांत विभागणी केली आहे. पहिल्या दोन गटांत कच्च्या तेलापासून शुद्ध केलेली खनिज तेले येतात. तिसऱ्या गटातील तेलही कच्च्या तेलापासूनच निघते. मात्र उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याच्या रेणूंची रचना बदललेली असते. चौथ्या गटातील तेल रासायनिक प्रक्रियेने घडवलेले असते. इतर सर्व तेले पाचव्या गटात येतात.

सिंथेटिक हा शब्द पूर्वी मुख्यत्वे चौथ्या व पाचव्या गटांसाठी वापरला जाई. तिसऱ्या गटातील तेलालाही हे नाव देता येईल काय, यावर अमेरिकेत दोन बड्या तेल कंपन्यांमध्ये वाद झाला. तेथील जाहिरातविषयक स्वनियमन संस्थेने १९९९मध्ये त्याचा निकाल नाव वापरणाऱ्या कंपनीच्या बाजूने दिला. तेव्हापासून तिसऱ्या गटातील तेलही सर्रास सिंथेटिक म्हणून विकले जाते. ‘सेमी सिंथेटिक’ हा शब्द तर आणखी सैल आहे. डब्यात सिंथेटिकचे प्रमाण नेमके किती, हे त्यावरून कळत नाही. तिसऱ्या गटाचे तेल हलके असते, असा याचा अर्थ नव्हे. मात्र डब्यावरचा मोठ्या अक्षरांतील शब्द हा गुणवत्तेचा दाखला नाही, एवढे ग्राहकाने ध्यानात घ्यायला हवे. दाखला असतो तो मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत.

पातळ तेलाची भीती

या बारीक अक्षरांत पहिली गोष्ट असते दाटपणाचा क्रमांक. जुन्या मोटारींत २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० अशी दाट तेले चालत. आताच्या अनेक लहान पेट्रोल मोटारींसाठी उत्पादक ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सुचवतात. ‘आपल्याकडच्या उन्हाळ्यात असले पाण्यासारखे तेल टिकायचे नाही’, असे सांगणारे मेकॅनिक आजही गल्लोगल्ली भेटतात. हा समज अनुभवातून आलेला असला, तरी तो वेगळ्या इंजिनांच्या अनुभवातून आलेला आहे.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहते ते दाखवतो, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती उरतो ते. नागपूरचा मे असो वा महाबळेश्वरचा डिसेंबर, चालत्या इंजिनाचे तापमान शीतक यंत्रणा ठरावीक मर्यादेतच ठेवते. नव्या इंजिनांमधील भागांतील फटी, तेलाचा पंप आणि झडपांची यंत्रणा पातळ तेल गृहीत धरूनच बनवलेली असते. तेथे दाट तेल ओतले, तर ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि इंधनही अधिक जळते.

निवडीचा निम्मा प्रश्न येथेच निकालात निघतो. इतके पातळ आणि तरीही उष्णतेत उडून न जाणारे तेल साध्या खनिज तेलापासून बनवणे व्यवहारात शक्य नाही. त्यामुळे पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० असे लिहिले असेल, तर ‘साधे की सिंथेटिक’ हा पर्यायच उरत नाही.

टर्बो आणि बीएस-६

देशात १ एप्रिल २०२०पासून ‘बीएस-६’ हे प्रदूषण निकष लागू झाले. त्या सुमारास लहान आकाराच्या टर्बो पेट्रोल इंजिनांचेही प्रमाण वाढले. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला वंगण मिळते ते इंजिनाच्याच तेलातून. गाडी थांबवून इंजिन बंद केले, की तापलेल्या दांड्याभोवतीचे तेल तेथेच भाजले जाते. अशा वेळी खनिज तेलाची काजळी लवकर धरते. सिंथेटिक तेल अधिक काळ तग धरते.

थेट इंधन फवारणी असलेल्या टर्बो इंजिनांत आणखी एक धोका असतो. कमी वेगात जोर लावला असता इंधनाचे मिश्रण ठिणगी पडण्यापूर्वीच पेटते आणि पिस्टनला इजा होऊ शकते. तेलातील रसायनांचाही त्यात वाटा असल्याचे आढळल्यानंतर त्यावर उपाय योजणारी ‘एपीआय एसपी’ ही श्रेणी मे २०२०मध्ये आली. म्हणजेच अशा गाडीसाठी ‘सिंथेटिक’ या शब्दापेक्षा ‘एसपी’ ही दोन अक्षरे अधिक मोलाची आहेत.

डिझेल मोटारींची अडचण वेगळी आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. तेलातील धातुयुक्त रसायने जळून उरणारी राख त्यात साचते आणि ती काजळीप्रमाणे जाळून टाकता येत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे तेल लागते. युरोपीय वर्गीकरणात ते ‘सी’ श्रेणीत येते. महागडे सिंथेटिक असूनही या श्रेणीत न बसणारे तेल टाकले, तर जास्त पैसे मोजून फिल्टरचे आयुष्य कमी केल्यासारखे होते.

पैशांचा हिशेब

हिशेबाच्या सोयीसाठी समजा, खनिज तेल लिटरला ४०० रुपये आणि सिंथेटिक ८०० रुपये आहे, तर इंजिनात साडेतीन लिटर तेल बसते. एका भरणीचा खर्च अनुक्रमे १,४०० आणि २,८०० रुपये होईल. गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर धावत असेल आणि खनिज तेल दर ५,००० किलोमीटरला बदलावे लागत असेल, तर वर्षाचा खर्च दोन्हीकडे २,८०० रुपयेच येतो. शिवाय खनिज तेलाच्या बाबतीत फिल्टर आणि मजुरी दोनदा मोजावी लागते. याउलट सिंथेटिक टाकूनही सेवा केंद्राच्या आग्रहामुळे ते दर ५,००० किलोमीटरला बदलले, तर खर्च ५,६०० रुपयांवर जातो. महाग तेलाचा तोटा बहुधा असा होतो. तेलामुळे नव्हे, तर बदलण्याच्या घाईमुळे.

अर्थात, उलटी चूकही तितकीच महागात पडते. ‘सिंथेटिक आहे, चालेल’ म्हणत मुदत ओलांडणारे कमी नाहीत. पुणे-मुंबईच्या वाहतूक कोंडीत दहा किलोमीटरसाठी तासभर इंजिन सुरू राहते. किलोमीटरच्या आकड्यात त्याची नोंद होत नाही, तेलाला मात्र तो तास सोसावा लागतो. जवळचे फेरे, धूळ आणि सततची थांबाथांब यांना अनेक उत्पादक ‘खडतर वापर’ म्हणतात आणि अशा वापरात तेल लवकर बदलण्याची सूचना देतात. त्यामुळे मुदत कमी करण्याचे खरे कारण वापरात शोधायला हवे, काउंटरवरच्या आग्रहात नव्हे. बीएस-६ डिझेल गाडी शहरातच फिरत असेल, तर फिल्टरची सफाई अर्धवट राहून डिझेल तेलात उतरते आणि पट्टीवरची पातळी चक्क वाढलेली दिसते. तेल वाढले म्हणून समाधान मानण्याची ती वेळ नव्हे; ते पातळ झाल्याची ती खूण असते.

वॉरंटीचा धाक

बाहेर तेल बदलले तर वॉरंटी जाईल, ही भीती नव्या मोटारीच्या मालकाला हमखास घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केल्यास वॉरंटी सरसकट रद्द करण्याच्या अटीवरही बोट ठेवले होते. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि वाद पुढे लांबला. त्यामुळे ग्राहकाने कागद भक्कम ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. तेल कोठेही बदला, पण बिलावर केवळ ‘इंजिन ऑइल’ असे न लिहिता क्रमांक, श्रेणी, प्रमाण आणि किलोमीटर यांची नोंद करून घ्यावी. बनावट तेलाचा धोका लक्षात घेता सीलबंद डबा समोर फोडायला सांगण्यात संकोच नसावा.

जुन्या, साध्या रचनेच्या आणि टर्बो नसलेल्या मोटारीला पुस्तिकेने परवानगी दिलेले खनिज तेल वेळेवर बदलत राहिल्यास आजही पुरेसे आहे. तिला सिंथेटिक पाजून तरुण करता येणार नाही. नव्या मोटारीला मात्र तेलातील काटकसर परवडणारी नाही. कारण वाचणारे हजार-दीड हजार रुपये आणि टर्बो किंवा फिल्टर बदलण्याचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. कोणती मोटार कोणत्या प्रकारात मोडते, हे ठरवण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. बहुतेक मालकांनी एकदाही न उघडलेली पुस्तिका डॅशबोर्डच्या खणातच असते. काउंटरवरच्या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तिकेतील एका ओळीत आहे. सर्व्हिसिंगला निघण्यापूर्वी ती वाचायला दोन मिनिटे पुरतात.