रंग शेवटी, आधी सावली आणि पाणी

दरवर्षी सप्टेंबरमध्ये मी शाळेतल्या मोठ्या मुलांना चिरनेरच्या हुतात्मा स्मारकावर घेऊन जातो. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. जंगलातले लाकूड तोडायला बंदी घालणाऱ्या इंग्रजी कायद्याविरुद्ध आसपासच्या गावांतली माणसे जमली आणि पोलिसांच्या गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नवश्या कातकरीही होते. पुढे खटला उभा राहिला तेव्हा सत्याग्रहींच्या बाजूने वकिलीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. हे सगळे मी मुलांना सांगतो. आधी उर्दूत आणि मग मराठीत, कारण मी दोन्ही शिकवतो.

मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, जंगल उन का था, इसलिए उन्हों ने काटा. अपना बदाम का झाड किस का था? वो किस ने काटा?"

मला उत्तर देता आले नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शाळेचे नूतनीकरण झाले होते. देणगी मिळाली होती आणि देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जूनमध्ये आम्ही परतलो तेव्हा नवे फाटक होते, अंगणभर पेव्हर ब्लॉक होते, भिंतींवर कार्टून होते आणि दर्शनी भागात संगमरवरी पाटी होती. अंगणातले बदामाचे झाड नव्हते. जुनी कौले काढून पत्रे टाकले होते. उर्दू मुळाक्षरे कुणीतरी संगणकावरून उतरवून डावीकडून उजवीकडे रंगवली होती. पहिलीतली मुले ती भिंत बघून उलटी वाचायला शिकू लागली, म्हणून शेवटी आम्ही शिक्षकांनीच चुन्याचा हात मारून ती पुसली.

शाळा सुंदर झाली का? फोटोत झाली. शिकण्याच्या दृष्टीने मात्र ती आधीपेक्षा अवघड झाली.

पत्र्याचेच घ्या. जुलैत कोकणातला पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की वर्गात माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीतला 'ळ' आधीच जड जातो. 'कल' आणि 'कळ', 'गाल' आणि 'गाळ' यांतला फरक कानाने ऐकल्याशिवाय जिभेवर येत नाही. त्यामुळे धो धो पावसात श्रुतलेखन बंद. मार्चनंतर तोच पत्रा तापतो आणि सकाळची शाळा असूनही दहा वाजल्यापासून मुले पेंगू लागतात. आपल्याकडचा उकाडा काय करू शकतो ते पनवेलकरांना वेगळे सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात कार्यक्रमाला आलेली मोठी माणसे उष्माघाताने दगावली. मग सहा वर्षांच्या मुलाने तापलेल्या पेव्हर ब्लॉकवर खेळायचे कसे?

दुसरी गोष्ट पाण्याची. रायगडात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे गणित मी मुलांकडूनच करून घेतले. शंभर चौरस मीटरचे छप्पर असेल तर अडीच लाख लिटर. गळती, बाष्पीभवन वजा केले तरी दोन लाख कुठे गेले नाहीत. ऐंशी मुलांना स्वच्छतागृहासाठी आणि हात धुण्यासाठी माणशी पाच लिटर धरले तर दिवसाला चारशे लिटर लागतात. दहा हजार लिटरची टाकी बांधली तर ती पंचवीस दिवस पुरेल. उरलेले पाणी शोषखड्ड्यातून विहिरीकडे वळवले तर उन्हाळ्यात विहीर थोडी जास्त टिकेल. आमच्याकडे पन्हळ बसवली आहे, पण तिचे पाणी सरळ गटारात जाते. फेब्रुवारीनंतर नळाला पाणी नाही म्हणून मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागते. मग मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. टाइल्स मात्र चकचकीत आहेत.

हे सगळे वेगळ्या पद्धतीने होऊ शकते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा २०१२ च्या सुमारास मोडकळीला आली होती. दत्तात्रय वारे गुरुजींनी गावाला सोबत घेतले, गावाने पैसा आणि श्रम घातले आणि पुढे ही शाळा 'झिरो एनर्जी' शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. वारे गुरुजी नंतर खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले. तिथली शाळा पटाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. तिला २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी अनेक जण तिथल्या इमारतीचे फोटो पाहून येतात. मला वाटते, बघण्यासारखा आहे तो आधीचा भाग: गाव आणि शिक्षक एकत्र बसले आणि आपल्याला काय हवे ते त्यांनी स्वतः ठरवले.

आपल्याला असे ठरवायचा अधिकार नाही, असे कुणी समजू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. आमच्या समितीच्या बैठका होतात, पण प्रत्यक्षात चहा येतो, सह्या होतात आणि माणसे घरी जातात. त्या मुलीची अम्मी समितीत होती. झाड तोडायच्या आधी तिला एकदा विचारले असते तर ती म्हणाली असती, दुपारी पोरी कुठे बसणार?

आपल्या बिरादरीलाही एक गोष्ट सांगायची आहे. मशिदीच्या फरशीसाठी, पंख्यांसाठी आपण सढळ हाताने देतो, आणि ते चांगलेच आहे. पण वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि दोन लाख लिटर पाणी शाळेच्या छपरावरून वाहून जाताना बघत बसतो. शाळेतली टाकी, शाळेतले झाड हाही सदका-ए-जारियाच आहे. उर्दू शाळांचे पट घटत आहेत म्हणून आपण चिंता करतो. पट फाटकाने वाढत नाही. मुलाला वर्गात ऐकू येते, मुलीला दिवसभर शाळेत थांबता येते, तेव्हा पालक शाळा सोडत नाहीत.

आणि जिथे उर्दू व मराठी शाळा शेजारी शेजारी आहेत, तिथे दोन टाक्या, दोन परसबागा कशाला? एकच टाकी, वालाचा एकच मांडव आणि मधली भिंत दोन्ही लिपींसाठी: उजवीकडून अलिफ निघावा, डावीकडून अ.

म्हणून पुढच्या वेळी कुणी शाळेला देणगी द्यायला आले तर समितीने हात जोडून पाच गोष्टी या क्रमाने मागाव्यात: छपराखाली आवाज आणि उष्णता अडवणारे आच्छादन, पावसाच्या पाण्याची टाकी, चालू स्वच्छतागृह, रुंद पडवी आणि सावली देणारी झाडे. त्यातून उरले तर रंग. पाटी लावायची असेल तर ती टाकीवर लावा, आमची हरकत नाही.

यंदा २५ सप्टेंबरला जाताना आम्ही रोपवाटिकेतून बदामाचे रोप घेऊन परत येणार आहोत. त्यासाठी अंगणातले नऊ पेव्हर ब्लॉक उखडावे लागतील. तसा ठराव समितीसमोर ठेवला आहे, आणि त्यावर पहिली सही त्या मुलीच्या अम्मीची आहे.