पाच पूर्णांक एक दशांश

फ्लॅटमध्ये होम थिएटर बसवणाऱ्या माणसाविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती मत्सरापोटी नाही हे आधीच सांगून टाकतो. (मत्सर थोडा आहे, पण तो त्यांच्या पगाराबद्दल आहे, स्पीकरबद्दल नाही.)

थिएटर ही वस्तू घरात आणायचीच कशाला, इथूनच माझा वाद सुरू होतो. थिएटरला जाड भिंती असतात, आणि मुख्य म्हणजे खेळ आवडला नाही तर माणूस उठून घरी जाऊ शकतो. आम्ही घरीच असतो. आम्ही उठून जायचे कुठे?

या यंत्रणेत पाच स्पीकर आणि एक सबवूफर असतो, म्हणून तिला ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणतात. शास्त्र असे की पुढचे दोन स्पीकर डाव्या-उजव्या हाताला 30-30 अंशांवर, मधला टीव्हीपाशी संवादांसाठी, आणि उरलेले दोन बाजूंना, किंचित मागे, साधारण 110 अंशांवर. हे कोन ज्यांनी ठरवले त्यांनी दहा बाय चौदाचा हॉल पाहिलेला नसावा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडे 110 अंशांवर एका बाजूला चपलांचे कपाट येते आणि दुसऱ्या बाजूला देव्हारा. डावा स्पीकर चपलांवर बसला. उजवा देवाच्या डोक्यावर बसायला वहिनींनी सक्त मनाई केली, म्हणून तो पडद्याच्या दांडीला टांगला. त्यामुळे सिनेमातले हेलिकॉप्टर त्यांच्या घरात डावीकडून गुडघ्याच्या उंचीवर शिरते आणि उजवीकडे छताला जाऊन उतरते.

एवढे करून साहेब वहिनींना विचारतात, “काय म्हणाला गं तो?” कारण संवाद हळू आणि स्फोट मोठे! संवाद आला की आवाज वाढवायचा, स्फोट आला की कमी करायचा. तीन तास रिमोट हातात धरून बसलेला माणूस सिनेमा बघतो असे मी मानत नाही. तो ड्यूटी करतो.

पण तो त्यांचा संसार झाला. माझे भांडण त्या ‘पॉइंट वन’शी आहे. पाच पूर्णांक मालकाच्या घरात नांदतात आणि तो एक दशांश आमच्याकडे येतो. बँकेत दशांशाला हलके लेखणारा कारकून फार दिवस टिकत नाही, म्हणून मी या दशांशाचा हिशेब केला. 40 हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे चौदा फुटी हॉलच्या दुप्पट. साडेचार इंची विटेची भिंत बारीक आवाजाला बऱ्यापैकी अडवते. जाड आवाजाला ती ‘या, बसा’ म्हणते. आणि सबवूफरचा डबा थेट फरशीवर ठेवलेला असला की भिंतीचीही गरज उरत नाही. त्यांची फरशी तेच आमचे छत.

कायदा आहे, असे कुणी सांगेल. आहे की! 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45, आणि खासगी वाद्यायंत्राला हद्दीवर त्याहून 5 ची मुभा. पण हे मोजमाप ज्या ‘ए’ पद्धतीने होते तिच्यात जाड आवाजाला सूट मिळते. 40 हर्ट्‌झला ही सूट सुमारे 35 डेसिबलची! एवढी सूट मी एखाद्या कर्जदाराला दिली असती तर आज निलंबित असतो. तर मीटर म्हणतो शांतता आहे, आणि आमच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे म्हणतात नाही. मी डब्यांच्या बाजूचा आहे.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक परिचारिका राहते. रात्रपाळी करून सकाळी येते. तिची मध्यरात्र दुपारी दोनला होते. त्या मध्यरात्रीला कायद्याच्या घड्याळात जागा नाही. बिचारी कधी भांडत नाही. एकदा जिन्यात एवढेच म्हणाली, “काका, वॉर्डात मॉनिटर वाजतो तेव्हा निदान का वाजतो ते ठाऊक असतं.”

“आमच्या घरात आम्ही काहीही करू” हे उत्तर मला पाठ आहे. करा ना! पण जिना सामायिक, टाकी सामायिक, स्लॅब सामायिक. त्या स्लॅबवर रोज संध्याकाळी भूकंप करायचा हक्क तेवढा एकट्याचा, हे कुठल्या खातेवहीत बसते?

बरे, मी काही यंत्र भंगारात द्या म्हणत नाही. डब्याखाली जाड रबर घाला. स्फोट दाबून संवाद वर आणणारी ‘नाइट मोड’ नावाची सोय बहुतेक यंत्रांत असते, ती वापरा. रात्री दहानंतर सबवूफरचा प्लग काढा, आणि दुपारी लावण्याआधी शेजारी कोण झोपले आहे ते विचारा. हे मी साहेबांना सांगितले तर म्हणाले, “अहो, मग मजा काय राहिली? बेस कसा पोटात जाणवायला हवा!”

“जाणवतो,” मी म्हटले, “आमच्या.”

येत्या वार्षिक सभेत मी याचा रीतसर ठराव मांडणार आहे. अनुमोदन द्यायला शेजारची मुलगी तयार आहे. फक्त सभा दुपारी ठेवू नका, म्हणते.