'ऑन' डीलरच्या खिशात, खापर संपकऱ्यांच्या माथी



रेल्वेच्या खिडकीवर बसणाऱ्या आमच्या माणसाला गेली तीस वर्षे एकच उपदेश ऐकावा लागत आहे. ग्राहकसेवा शिकायची असेल तर सरकारी खुर्ची सोडा आणि खासगी शोरूममध्ये जाऊन पाहा, असे आम्हाला सांगितले जाते. मध्यंतरी एका प्रशिक्षण वर्गात बाहेरून आणलेल्या एका व्याख्याते साहेबांनी तर थेट अमेरिकेतील स्पोर्ट्‌स मोटारींच्या शोरूमचे उदाहरण दिले. तेथे म्हणे ग्राहक दारात आला की माणूस उठून उभा राहतो, कॉफी देतो, नाव लक्षात ठेवतो. आमच्या एका बुकिंग क्लार्कने विचारले, "साहेब, आणि गाडी कधी देतो?" वर्गात हशा पिकला, पण साहेबांनी उत्तर दिले नाही. ते उत्तर आम्ही शोधून काढले आहे.

उदाहरण साहेबांच्याच पसंतीचे घेऊ. जनरल मोटर्स कंपनीची शेवरले कॉर्व्हेट ही १९५३ पासून निघणारी अमेरिकेची लाडकी स्पोर्ट्‌स मोटार. १९८१ पासून ती केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन या गावच्या कारखान्यातच तयार होते. तिचे आठवे मॉडेल १८ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियात मोठ्या थाटात दाखवण्यात आले. इंजिन प्रथमच चालकाच्या पाठीमागे आले, आणि किंमत जाहीर झाली ५९,९९५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४२ लाख रुपये. अशा ताकदीच्या गाडीला ही किंमत फारच कमी, म्हणून लोक डीलरांच्या दारी धावले. आता ४२ लाख मोजणारा हा ग्राहक काही आपल्या जनरल डब्यातला प्रवासी नव्हे. राजा म्हणायचे तर यालाच म्हणावे लागेल. या राजाची सेवा कशी झाली ते पाहा.

अमेरिकेत बहुतेक राज्यांच्या कायद्यांमुळे जनरल मोटर्ससारखी कंपनी गाडी थेट गिऱ्हाइकाला विकू शकत नाही. मध्ये डीलर लागतो. कोणत्या डीलरला किती गाड्या द्यायच्या ते कंपनी ठरवते, आणि तेही मुख्यत्वे त्याने पूर्वी किती कॉर्व्हेट विकल्या त्यावरून. लहान गावातल्या डीलरच्या वाट्याला वर्षाला एखाद-दुसरी गाडी येते. पण बयाणा घ्यायला त्याला कोणी अडवत नाही. ज्याच्या वाट्याला दोन गाड्या यायच्या, त्यानेही वीस-पंचवीस जणांची नावे वहीत लिहून पैसे ठेवून घ्यावेत, आणि आपला नंबर कितवा हे गिऱ्हाइकाला धड सांगू नये, हा तेथला रिवाज. कंपनीच्या यंत्रणेत प्रत्येक ऑर्डरला टप्प्याचा आकडा असतो. ११०० म्हणजे ऑर्डर नुसती नोंदली, ३००० म्हणजे उत्पादनासाठी स्वीकारली, ३८०० म्हणजे गाडी तयार झाली, ५००० म्हणजे डीलरकडे पोचली. तो आकडा पाहायचा डीलरने. गिऱ्हाइकाने फोन करायचा, आणि पलीकडून "कळवतो" एवढेच ऐकायचे.

आमच्या वेटिंग लिस्टला लोक शिव्या देतात. द्याव्यात, त्यांचा हक्क आहे. पण आमच्या प्रवाशाच्या हातात पी.एन.आर. नंबर असतो, तो कोणालाही पाहता येतो, आणि चाळीसच्या वर असलेला माणूस वशिल्याशिवाय पहिला होत नाही. वशिला चालतो तेव्हा तो गुन्हा ठरतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ प्रमाणे परवान्याशिवाय तिकिटांचा धंदा करणाऱ्या दलालाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्टेशनबाहेर उभा राहून दोनशे रुपये जास्त घेणारा पोरगा पोलिसांच्या गाडीत बसतो.

आणि शोरूममधला? अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर किमतीचा कागद चिकटवावा लागतो. सिनेटर मनरोनी यांनी तो कायदा आणला, म्हणून त्या कागदालाही त्यांचेच नाव पडले. परंतु त्यावरची किंमत ही कंपनीने "सुचवलेली" किंमत असते. ती पाळण्याचे बंधन डीलरवर नाही. म्हणून त्या कागदाशेजारी दुसरा कागद चिकटतो आणि त्यावर लिहिलेले असते "बाजारभाव समायोजन". नव्या कॉर्व्हेटवर अनेक ठिकाणी हे समायोजन दहा हजार, वीस हजार डॉलरचे होते. काही डीलरांनी छापील किमतीलाच गाडी दिली हेही खरे, आणि अशांच्या दारी लोक शेकडो मैलांवरून रांगा लावत.

आमच्या पिढीला या समायोजनाचे खरे नाव ठाऊक आहे. बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याच्या दिवसांत आपल्याकडे त्याला 'ऑन' म्हणत. ज्याला थांबायचे नसे तो ऑन देऊन गाडी उचलत असे. हा परमिटराजचा शाप आहे, मुक्त बाजारपेठ आली की तो नाहीसा होईल, असे आम्हाला १९९१ नंतर शिकवण्यात आले. मुक्त बाजारपेठेच्या माहेरघरी तोच ऑन छापील कागदावर, पावतीसकट घेतला जातो. फरक एवढाच की आपल्याकडे घेणारा थोडा तरी लाजत होता.

आता मुद्द्याचे. हे मॉडेल २०१९ च्या अखेरीस कारखान्यातून निघायचे होते. १६ सप्टेंबर २०१९ पासून जनरल मोटर्सच्या सुमारे ४८,००० कामगारांनी युनायटेड ऑटो वर्कर्स या आपल्या संघटनेच्या आदेशाने संप केला. बोलिंग ग्रीनचे कामगारही गेटवर बसले. संप ४० दिवस चालला, २५ ऑक्टोबरला करार मंजूर झाला. नव्या गाडीचे उत्पादन फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाले आणि उशिराचे कारण संप, असे कंपनीने सांगितले. डीलरांना हे आयते कोलीत मिळाले. गाडी का नाही? संपामुळे. किंमत का चढली? गाड्या कमी, संपामुळे. ज्या गिऱ्हाइकाने बोलिंग ग्रीनचा कामगार आयुष्यात पाहिला नाही, त्याच्या मनात त्या कामगाराविषयी विष पेरण्याचे काम कॉफीच्या कपाबरोबर झाले.

संपामुळे गाडी लांबली हे आम्ही नाकारत नाही. संप लांबवण्यासाठीच असतो, नाहीतर तो कशाला करायचा? पण तो का झाला हे सांगायला शोरूममध्ये कोणी नव्हते. २००७ च्या करारापासून तेथे एकाच पट्ट्यावर, एकाच कामाला दोन दर लागू झाले होते, जुन्यांना एक आणि नव्यांना दुसरा. शिवाय हंगामी कामगार वर्षानुवर्षे हंगामीच राहात. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, कंपनीचा निव्वळ नफा ८ अब्ज डॉलरच्या वर होता. संप सुरू होताच दुसऱ्या दिवशी कंपनीने संपकऱ्यांचा आरोग्यविमा तोडला. बोभाटा झाला तेव्हा नऊ दिवसांनी माघार घेतली. संपभत्ता आठवड्याला २५० डॉलर, पुढे २७५. त्यावर चाळीस दिवस काढून त्यांनी मिळवले काय, तर तीन वर्षे झालेल्या हंगामी कामगाराला कायम होण्याचा मार्ग, थोडी पगारवाढ आणि एकरकमी बोनस. लॉर्ड्‌सटाउनचा कारखाना काही वाचला नाही. ५७ टक्के मतांनी करार मंजूर झाला, म्हणजे शंभरात त्रेचाळीस जण नाराजच होते. आणि त्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांना नोव्हेंबर २०१९ मध्ये निधीच्या अफरातफरीपायी राजीनामा द्यावा लागला, पुढे त्यांनी कोर्टात गुन्हाही कबूल केला. आमच्याच वर्गाची ही लाज झाकून ठेवणे आम्हाला मान्य नाही. पण पुढाऱ्याने पैसे खाल्ले म्हणून हंगामी कामगाराची मागणी खोटी ठरत नाही.

आता हिशेब करू. संप चाळीस दिवसांचा. ऑन मात्र २०२० मध्ये घेतला गेला, २०२१ मध्ये घेतला गेला. पुढे याच गाडीचे झेड-झिरो-सिक्स हे अधिक ताकदीचे मॉडेल आले. त्यावरचा ऑन पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि तेव्हा कोणताही संप चालू नव्हता. एडमंड्‌स या मोटारबाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे जानेवारी २०२० मध्ये छापील किमतीच्या वर पैसे मोजणारे गिऱ्हाईक शंभरात एकही नव्हते, आणि जानेवारी २०२२ मध्ये ते ऐंशीच्या वर गेले. हा आकडा सर्व गाड्यांचा आहे. महामारीत सुट्या भागांचा, विशेषतः चिपचा, तुटवडा झाला, त्याचे हे फळ. म्हणजे टंचाई कोणत्याही कारणाने येवो, संप असो, साथ असो, ऑन घेणारा हात तोच राहतो. त्या वाढीव वीस हजारांतला एक डॉलर तरी बोलिंग ग्रीनच्या पाळीत पोचला का? करारातील दराशिवाय त्या माणसाला काहीही मिळालेले नाही.

कंपनीलाही हे ठाऊक होते. २०२२ मध्ये तिच्या उत्तर अमेरिका प्रमुखांनी डीलरांना पत्रे लिहिली. जानेवारीत बजावले की ठरल्याहून जास्त उकळाल तर गाड्यांचा कोटा दुसरीकडे वळवू. आणि जुलैत काय केले? ज्या गिऱ्हाइकाने गाडी वर्षाच्या आत विकली त्याची काही वॉरंटी नव्या मालकाला मिळणार नाही, आणि त्याला पुढे मागणीच्या गाड्या आरक्षित करता येणार नाहीत. शिवाय झेड-झिरो-सिक्स वर्षभर जवळ ठेवली तर पाच हजार डॉलर मोलाचे गुण बक्षीस. डीलरला समज, गिऱ्हाइकाला शिक्षा! हीच ती ग्राहकसेवा. सरकारने लगाम घालण्याचा एक प्रयत्न केला. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये डीलरांच्या किमतीच्या फसवाफसवीविरुद्ध नियम केला. डीलरांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये तो नियम रद्द करून आल्या. डीलरांनी संघटना केली तर ते उद्योगाचे प्रतिनिधी, कामगाराने केली तर तो अडवणूक करणारा.

साहेबांना त्या शोरूममधला कॉफी देणारा माणूस दिसला, त्याचा पगार दिसला नाही. विक्रेता बहुतांशी कमिशनवर जगतो. गाडी बिघडल्यावर तक्रार लिहून घेणारा, गिऱ्हाइकाचा राग झेलणारा जो सर्व्हिस ॲडव्हायझर असतो, त्याला ओव्हरटाइमच्या कायद्याचे संरक्षण नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी दिला. म्हणजे १९३८ च्या कायद्याने कामगाराला दिलेला हक्क ग्राहकसेवा ज्याच्या तोंडून घडते त्यालाच नाही. आत वर्कशॉपमध्ये मेकॅनिक ठोक तासांवर राबतो. अमुक कामाला अमुक तास, असे पुस्तकात लिहिलेले असते. काम दोन तासांचे लिहिले आणि चार तास लागले तर पैसे दोनचे. वॉरंटीच्या कामाला तर कंपनी आणखी कमी वेळ धरते. नव्या मॉडेलचे दोष कोणालाच माहीत नसतात. याच कॉर्व्हेटच्या पुढच्या डिकीचे झाकण धावत्या गाडीत उघडण्याचा दोष निघाला आणि २०२० मध्ये गाड्या दुरुस्तीला बोलवाव्या लागल्या. नवे मॉडेल ग्राहकाला नवलाई, मेकॅनिकला मात्र फुकटचे तास. या पद्धतीला कंटाळून शिकागो परिसरातील शंभराहून अधिक डीलरांकडच्या मेकॅनिकांनी २०१७ च्या ऑगस्टमध्ये संप केला, आणि कामावर हजर असलेल्या तासांच्या हमीचा मुद्दा लावून धरला. जवळजवळ सात आठवडे ते बाहेर होते. आमच्या शेडमधल्या फिटर बांधवांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आमच्या खिडकीवर उद्धट माणसे नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. आहेत, आणि त्यांना आम्ही पाठीशी घालत नाही. चार खिडक्यांपैकी दोन बंद ठेवून उरलेल्या दोघांकडून हसतमुख सेवेची अपेक्षा धरणे हा मात्र वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधी. आमची खरी भीती दुसरीच आहे. ही डीलरशाही रेल्वेतही शिरू लागली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतो गाड्यांना दर दहा टक्के जागा भरल्या की दहा टक्के भाडे, दीडपटीपर्यंत चढवण्याची योजना लागू झाली. छापील भाड्याशेजारी चिकटवलेला तो दुसरा कागदच नव्हे काय? प्रवासी त्याबद्दल वाद घालतो तो टी.सी.शी. योजना आखणारा डब्यात नसतो.

१० डिसेंबर २०२१ च्या रात्री बोलिंग ग्रीनवरून चक्रीवादळ गेले. गावात डझनाहून अधिक माणसे मेली, त्यांत लहान मुले होती. कारखान्याच्या छपराला आग लागली आणि १२२ नव्या कॉर्व्हेट निकामी झाल्या. मोटारींच्या मासिकांतून त्या १२२ गाड्यांचा रंग, नंबर आणि कोणाची ऑर्डर बुडाली याची चर्चा झाली. गाडी बनवणाऱ्यांपैकी किती जणांची घरे पडली, ते त्यांत शोधूनही सापडत नाही.

ही कंपनी आपल्याला परकी नाही. पुण्याजवळ तळेगाव येथे तिचा कारखाना होता. २०१७ च्या अखेरीस तिने हिंदुस्थानात गाड्या विकणे थांबवले, तेव्हा गिऱ्हाइकांना आश्वासन दिले की वॉरंटी पाळली जाईल, सुटे भाग मिळत राहतील, सेवा चालू राहील. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद झाले, २०२१ मध्ये हजाराहून अधिक कामगारांच्या हाती ले-ऑफची नोटीस पडली, आणि त्यांची संघटना कोर्टाच्या पायऱ्या झिजवू लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये कारखाना घेण्याचा करार हुंडाईने केला. आम्हाला त्या जागेवर सामावून घ्या, एवढीच त्या कामगारांची मागणी होती. करारात जमीन आणि इमारती आल्या, काही यंत्रे आली. माणसे आली नाहीत.