सुवर्ण जनतेचे, सोहळा सत्ताधाऱ्यांचा

२६ जुलै २०२१ रोजी टोकिओच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या ५५ किलो वजनगटात फिलिपिन्सच्या हिडिलिन डियाझ हिने एकूण २२४ किलो वजन उचलले आणि आपल्या चिनी प्रतिस्पर्ध्याला अवघ्या एका किलोने मागे टाकले. १९२४ साली पॅरिस येथे प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या या देशाला पहिल्या सुवर्णपदकासाठी सत्त्याण्णव वर्षे वाट पाहावी लागली. पदकप्रदानाच्या वेळी जे राष्ट्रगीत वाजले, त्याची चाल १८९८ सालच्या स्वातंत्र्यसंग्रामात बांधली गेली होती. पुढे १९०७ साली अमेरिकन राज्यकर्त्यांनी कायदा करून फिलिपिनी क्रांतिकारकांचा ध्वज फडकावण्यास बंदी घातली आणि त्या ध्वजाबरोबर हे गीतही मुके झाले. ती बंदी १९१९ पर्यंत टिकली. ज्या सुरांवर एकेकाळी परकीय सत्तेचा पहारा होता, ते सूर ऑलिंपिकच्या विजयमंचावर त्या दिवशी प्रथमच निनादले.

या घटनेने फिलिपिनी जनतेचे मन उचंबळून आले, यात नवल नाही. राष्ट्राभिमान म्हणजे शोषितांना पाजलेली गुंगी, एवढे म्हणून हा आनंद झटकून टाकणे चूक ठरेल. १८९८ च्या तहान्वये स्पेनने दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात हा संपूर्ण द्वीपसमूह अमेरिकेच्या हवाली केला. व्यवहार दोन साम्राज्यांत झाला. ज्यांचा देश विकला गेला, त्यांना कुणी विचारले नाही. स्वातंत्र्य मिळाले ते ४ जुलै १९४६ रोजी, आणि त्यानंतरही अमेरिकेचे लष्करी तळ देशात ठाण मांडून राहिले. १९९१ साली सिनेटने बारा विरुद्ध अकरा मतांनी नकार दिला, तेव्हा कुठे ते उठले. दुसऱ्यांच्या नकाशावर दीर्घकाळ वावरलेल्या जनतेला स्वतःच्या नावाने जिंकण्याचे मोल अधिक वाटते. १९२८ आणि १९३२ साली पोहण्याच्या शर्यतीत कांस्यपदके मिळवणारा तेओफिलो इल्देफोन्सो हा तर पारतंत्र्यातला खेळाडू. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या हाती सापडला आणि १९४२ साली कापास येथील युद्धकैद्यांच्या छावणीत मरण पावला. या देशाच्या क्रीडा-इतिहासावर वसाहतवादाची आणि युद्धाची छाया अशी खोलवर पडलेली आहे.

प्रश्न अभिमानाचा नाही. त्या अभिमानावर हक्क कुणी सांगायचा, याचा आहे.

हिडिलिन डियाझ ही झांबोआंगा शहरातल्या एका कष्टकरी कुटुंबातली मुलगी. मोटारसायकलला बाजूची गाडी जोडून उतारू वाहणे हा तिच्या वडिलांचा व्यवसाय. सरावाला साधने नव्हती, म्हणून जुन्या डब्यांत काँक्रीट ओतून वजने केली गेली. २०१६ साली रिओ येथे तिने रौप्यपदक मिळवले आणि वीस वर्षांचा देशाचा पदकांचा दुष्काळ संपवला. तरीही २०१९ साली पुढच्या ऑलिंपिकच्या तयारीसाठी तिला खाजगी कंपन्यांकडे जाहीरपणे मदत मागण्याची पाळी आली. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या प्रवक्त्याने सरकार उलथण्याच्या कथित कटाचा एक आराखडा पत्रकारांपुढे मांडला आणि त्यात हिडिलिनचे नाव झळकले. ती कटात सामील असल्याचा आरोप नव्हता, असा खुलासा मागाहून करण्यात आला. पण दरम्यान तिच्या जिवाला लागायचा तो घोर लागलाच. महामारीच्या काळात ती मलेशियात अडकली. व्यायामशाळा बंद झाल्या, तेव्हा बांबूच्या दांड्याला पाण्याने भरलेली भांडी अडकवून तिने सराव चालू ठेवला. दोन वर्षांपूर्वी जिच्याकडे संशयाने पाहिले गेले, ती सुवर्ण घेऊन परतताच राष्ट्रकन्या ठरली.

सत्ताधाऱ्यांची ही रीत नवी नाही. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर यांची जगप्रसिद्ध मुष्टियुद्धाची लढत मनिलाच्या परिसरात झाली, तेव्हा फिलिपिन्समध्ये लष्करी कायदा जारी होऊन तीन वर्षे लोटली होती. विरोधक तुरुंगात होते, वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या होत्या. आणि मार्कोस यांना जगापुढे एक सुखी, सुव्यवस्थित देश उभा करायचा होता. १९७९ साली त्यांच्या राजवटीने खेळाडू घडवण्याची एक मोठी सरकारी योजना सुरू केली आणि तिची सूत्रे मार्कोस यांच्याच भाच्याच्या हाती दिली.

या योजनेतून पुढे आलेली धावपटू लिडिया दि व्हेगा भारतीय वाचकांना अपरिचित नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शंभर मीटरच्या शर्यतीत तिने सुवर्णपदक पटकावले आणि पी. टी. उषाला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. योजनेचा पैसा आणि प्रशिक्षण तिला उपयोगी पडले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु फेब्रुवारी १९८६ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या जनतेने मार्कोस यांची हुकूमशाही उधळून लावली, आणि त्याच वर्षी सोल येथे लिडियाने शंभर मीटरचे सुवर्णपदक पुन्हा जिंकले. हुकूमशहा पळाला, धावपटू धावतच राहिली. वेग तिच्या पायांचा होता. राजवटीने केवळ त्यावर आपली मोहोर उमटवू पाहिली होती.

२०२४ साली पॅरिस येथे कार्लोस युलो याने जिम्नॅस्टिक्समध्ये दोन दिवसांत दोन सुवर्णपदके मिळवली. ऑलिंपिक सुवर्णविजेत्याला एक कोटी पेसो देण्याचा कायदा तेथे २०१५ सालीच झालेला आहे. त्यावर उद्योगपतींच्या देणग्या, सदनिका, जाहिराती यांचा पाऊस पडला. ज्यांनी १९८६ साली मार्कोस यांना घालवले, त्यांच्याच देशात २०२२ च्या निवडणुकीत त्यांचा पुत्र राष्ट्राध्यक्ष झाला होता. युलोचा सत्कार त्याच्याच हस्ते राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात झाला. परंतु युलोच्या यशातला खरा धडा त्या प्रासादात सापडणार नाही. मनिलाच्या दाट वस्तीत वाढलेल्या या मुलाच्या घराजवळ १९३४ साली उभारलेले रिझाल स्मारक क्रीडासंकुल होते. सार्वजनिक पैशाने बांधलेले ते संकुल गरिबाच्या पोराला पायी जाता येईल इतके जवळ होते, म्हणून त्याचे कसब उजेडात आले. पुढच्या शिक्षणासाठी मात्र त्याला जपान गाठावा लागला.

देश सोडून दूर जाणे हे फिलिपिनी श्रमिकांच्या नशिबी १९७४ पासून सरकारी धोरण म्हणूनच आले. त्या वर्षीच्या कामगार कायद्याने मनुष्यबळाच्या निर्यातीला राजमान्यता दिली. आज हाँगकाँगच्या घरांतून, आखाती देशांच्या रुग्णालयांतून आणि जगभरच्या जहाजांवर लक्षावधी फिलिपिनी स्त्री-पुरुष राबत आहेत. त्यांनी पाठवलेल्या पैशावर त्यांची घरे आणि देशाची तिजोरी चालते. परक्या मुलुखात ज्यांना केवळ मोलकरीण किंवा खलाशी म्हणून ओळखले जाते, त्यांना हिडिलिनच्या विजयाने क्षणभर मान ताठ करता आली. त्यांचा हा आनंद अस्सल आहे. तो हिरावून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही, टीकाकारांना नाही आणि सत्ताधाऱ्यांनाही नाही.

विजयानंतर किती कोटी वाटले, यावरून राज्यकर्त्यांची पारख करता येणार नाही. झांबोआंगातली एखादी अनामिक मुलगी आज वजन उचलण्यास सरसावली, तर तिला पोटभर अन्न, जवळची व्यायामशाळा आणि जाणता प्रशिक्षक मिळतो काय, की तिलाही जुन्या डब्यांत काँक्रीट ओतावे लागते? पारख व्हावयाची ती याच ठिकाणी. फिलिपिनी जनतेने पदक मिळवून आपली पात्रता सिद्ध केली आहे. राज्यकर्त्यांची परीक्षा मात्र अजून व्हावयाची आहे, आणि ती घेण्याचा अधिकार जनतेचाच आहे.