वजा अकरा टक्के

आपल्यापैकी ज्याने जर्नलमधलं एकही रीडिंग आजवर ‘मॅनेज’ केलं नसेल त्याने हे पान उलटून सरळ कवितांकडे जावं. बाकीच्यांनी (म्हणजे सगळ्यांनीच!) जरा थांबा.

मागच्या सेमला आम्हाला आय. सी. इंजिन लॅबमध्ये हीट बॅलन्स शीटचं प्रॅक्टिकल होतं. मेकॅनिकलवाल्यांना माहीत आहे, इतरांसाठी सांगते. इंजिनात जळलेल्या डिझेलची उष्णता शंभर टक्के धरायची. त्यातली किती शाफ्टवर कामाला आली, किती कूलिंगचं पाणी घेऊन गेलं, किती धुराबरोबर बाहेर पडली याचा हिशेब मांडायचा. जी उरेल ती ‘अनअकाउंटेड लॉसेस’ या नावाखाली टाकायची. घरखर्चाच्या वहीत बाबा शेवटी ‘किरकोळ’ लिहितात ना, तसंच. आमचं किरकोळ आलं वजा अकरा टक्के! म्हणजे डिझेलमध्ये जेवढी उष्णता नव्हतीच तेवढी आमच्या इंजिनाने बाहेर काढली होती. नोबेल मिळायला हरकत नव्हती, पण सबमिशन शुक्रवारी होतं आणि डिफॉल्टर लिस्ट सोमवारी लागणार होती.

मग काय, सीनियरचं जर्नल आणलं. त्यात अनअकाउंटेड चौदा टक्के होतं. आम्ही पाण्याचं आउटलेट टेम्परेचर कागदावर सात-आठ अंशांनी खाली आणलं, आमचंही चौदाच्या आसपास आलं. सही झाली. चौघींनी कॅन्टीनला जाऊन वडापाव खाल्ला. वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर अजिबात नाही.

वाईट वाटलं ते नंतर, फोक्सवॅगनचं प्रकरण वाचताना. सेमिनारसाठी विषय हवा होता म्हणून वाचायला घेतलं. २०१५ साली ही कंपनी पकडली गेली एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पण पकडली कशी गेली? त्याची सुरुवात पोलिसांनी केली नव्हती. ती झाली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या टीमकडून, आणि त्यात आपल्यासारखीच शिकणारी मुलं होती. बंगलोरहून गेलेला हेमंत कप्पण्णा आणि चेन्नईचा अरविंद तिरुवेंगडम हे त्या टीममधले दोघे. त्यांना कुणाला पकडायचं नव्हतंच. काम देणाऱ्या संस्थेला उलट हे दाखवायचं होतं की अमेरिकेतल्या डिझेल गाड्या किती स्वच्छ आहेत! २०१३ मध्ये यांनी डिकीत मोजमापाची यंत्रं ठेवली, ती चालवायला जनरेटर लावला आणि गाड्या चक्क रस्त्यावर पळवल्या. पसाट गाडी तर लॉस एंजेलिसपासून सिअ‍ॅटलपर्यंत नेऊन परत आणली.

रीडिंग भलतीच आली. जेटा गाडीचा नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा मर्यादेच्या १५ ते ३५ पट. त्याच गाड्या सरकारी लॅबमध्ये रोलरवर मात्र व्यवस्थित पास! आता इथे आम्ही चौघी असतो तर? ‘यंत्राचा घोळ आहे, सीनियरचा रिपोर्ट आण!’ त्यांनाही आधी आपल्याच यंत्राचा संशय आला. म्हणून त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. यंत्र बरोबर निघालं तेव्हा आकडा आला तसा लिहिला. एवढंच. २०१४ मध्ये एका परिषदेत त्यांनी तो मांडला, आणि पुढच्या वर्षी १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीला नोटीस दिली. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये तो प्रोग्रॅम असल्याचं नंतर कंपनीने मान्य केलं.

तो प्रोग्रॅम वाचून मला तर हसूच आलं. टेस्ट रोलरवर होते तेव्हा चाकं फिरतात पण स्टिअरिंग वळत नाही. शिवाय वेग आणि वेळ ठरावीक असतात. त्यावरून गाडी ओळखायची की आपली परीक्षा चालू आहे, आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणा पूर्ण जोरात चालवायची. रस्त्यावर आली की ती सैल सोडायची. एक्सटर्नल येणार म्हटल्यावर आपली लॅब कशी चकाचक होते? अगदी तेच, फक्त सॉफ्टवेअरमध्ये.

हा प्रोग्रॅम गुंडांनी लिहिला नव्हता. जेम्स लिआंग नावाचा इंजिनिअर त्यात होता, २०१७ मध्ये त्याला ४० महिन्यांची शिक्षा झाली. त्याने कोर्टात कबूल केलं की अमेरिकेचे कडक नियमही पाळायचे आणि गिऱ्हाइकाला आवडेल अशीही गाडी द्यायची हे त्यांना जमत नव्हतं. मग ‘उत्तर आणायचं’ ठरलं. आपण रोज वापरतो तोच शब्द बघा, उत्तर ‘आणणे’. मोजणे नाही. आपल्याकडेही पुण्याच्या ए.आर.ए.आय.ने रस्त्यावर चाचण्या घेतल्या आणि कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यातली एखादी आपल्या गल्लीतही फिरत असेल. तो धूर ‘टेस्ट मोड’वाला नव्हता.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मॉरल सायन्सचा तास असायचा. हरवलेलं पाकीट परत करणारा मुलगा, खोटं बोलून पस्तावणारी मुलगी, आणि शेवटी ‘ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी’. त्या पुस्तकात हेमंत बसत नाही. २०१९ मध्ये जनरल मोटर्सच्या मोठ्या नोकरकपातीत त्याचीच नोकरी गेली आणि त्याला भारतात परतावं लागलं. पॉलिसीचा हप्ता त्याने भरला, बोनस काही मिळाला नाही.

आणि नियम पाठ करूनही भागत नाही. कारण इंजिनिअरिंगमध्ये प्रत्येक ‘जवळपास’ म्हणजे खोटं नसतं. पायला आपण ३.१४ धरतो, फॅक्टर ऑफ सेफ्टी अंदाजाने घेतो, एखादं चुकीचं रीडिंग कारण लिहून वगळतोही. मग कुठलं ‘चालतं’ आणि कुठलं नाही? माझी आजी याला तारतम्य म्हणते. अ‍ॅरिस्टॉटलनेही या व्यवहारातल्या शहाणपणावर लिहिलं आहे, आणि त्याचं म्हणणं आपल्याला झोंबणारं आहे. तरुण मुलं गणित-भूमितीत हुशार होऊ शकतात, पण हे शहाणपण त्यांच्यात दिसत नाही, कारण त्याला अनुभव लागतो. मान्य! पण मग अनुभव घ्यायचा कुठे? नोकरी लागल्यावर, बॉस समोर उभा असताना? मला वाटतं त्यासाठी लॅबच बरी. इथे चुकलो तर फार तर डिफॉल्टर होऊ.

‘सगळेच करतात’ हे उत्तर मला ठाऊक आहे. मीच ते सगळ्यात जास्त वेळा दिलं असेल! ‘एवढ्याशा जर्नलने कुणाचं काय बिघडतं?’ हेसुद्धा. म्हणून मागच्या महिन्यातली गोष्ट सांगते. लॅबमध्ये गेले तर काका रोटामीटर खोलून बसले होते. म्हटलं, ‘‘काय झालं हो काका?’’

‘‘अगं, फ्लोट अडकतोय वर. पाणी कमी आलं तरी जास्तच दाखवतो.’’

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. पाण्याचा प्रवाह जास्त वाचला, म्हणून पाण्याने नेलेली उष्णता जास्त आली, म्हणून वजा अकरा! मी विचारलं, ‘‘कधीपासून?’’

‘‘काय माहीत. तीन-चार वर्षं तरी झाली असतील. सगळ्यांची उत्तरं बरोबर येतात, मग कोण सांगणार?’’

म्हणजे ज्या सीनियरचं जर्नल आम्ही आणलं, त्यानेही कुणाचं तरी आणलं होतं. आमचं वजा अकरा हेच त्या दिवशीचं एकमेव खरं रीडिंग होतं. इंजिन आम्हाला ओरडून सांगत होतं की काहीतरी बिघडलंय, आणि आम्ही त्याचं तोंड दाबलं.

काकांनी फ्लोट साफ केला. आम्ही चौघींनी त्यांना मस्का लावून इंजिन पुन्हा चालवून घेतलं. अनअकाउंटेड आलं एकोणीस टक्के. चौदा नाही, पण आमचं स्वतःचं. नवीन शीट केलं आहे. सही झालेल्या जुन्या पानाचं काय करायचं ते कळत नाहीये, कारण सरांना सांगायला अजून धीर झालेला नाही. हा अंक छापून आला की ते वाचतीलच...