आधी पंचनामा, मग कोटेशन

व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी विचारलं, ‘सर, धंद्याच्या क्लासमध्ये खून कशाला?’ सांगतो.

दुकानाच्या दुसऱ्या वर्षी माझा माल फुटका आला. डिस्ट्रिब्युटरला दोन पानी ईमेल ठोकला. राग भरपूर, बिल नंबर, तारीख, किती नग फुटले, काहीच नाही. 18 हजार बुडाले. आणि मी म्हणे बीबीए!

म्हणून बॅचमध्ये एक काल्पनिक खून करतो. गोडाऊनमध्ये मालक मेलेला सापडतो. एका गटाने पंचनामा लिहायचा: जे दिसलं तेवढंच. ‘बहुतेक नोकरानेच मारलं’ असं लिहिलं की कागद परत. दुसऱ्याने नोकराचा जबाब, त्याच्याच बोलीत. तिसऱ्याने बातमी, मुद्दा पहिल्याच ओळीत. मालकाच्या बायकोला सांत्वनाचं पत्र मात्र भल्याभल्यांना जमत नाही. तिथे माहिती नको, माणूस हवा.

कल्पना माझी नाही. डेनिस व्हीटली यांची ‘मर्डर ऑफ मायामी’ 1936 सालीच फाईलच्या रूपात आली होती: तारा, पत्रं, फोटो आणि शेवटी सीलबंद उत्तर.

नमुना-पत्रं पाठ करून लिहिता येत नाही, हे माझं स्पष्ट मत. खुनी शोधायचा असला की पोरं एकमेकांचे कागद खरंच वाचतात, जबाबातली वेळ पंचनाम्याशी जुळली नाही तर भांडतात. तुमचं कोटेशन वाचणारा गिऱ्हाईकही असाच तपासून बघतो हो!

आज एवढं करा. तुमच्याकडे शेवटचा जो खराब माल आला, त्याचा पाच ओळींत पंचनामा लिहा, एकही विशेषण न वापरता. कमेंटमध्ये टाका, मी स्वतः वाचतो.